कोलकात्यातील घरगुती बेकरी : नोंदणी, किंमत आणि डिसेंबरची घाई

कोलकाता : बंगालीत नाताळला 'बडोदिन' म्हणतात. २५ डिसेंबरला घरी केक आणण्याची रीत कोलकात्यात धर्माच्या पलीकडे गेली, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. हा केक कोण भाजतो, हे पाहिले की शहराचा स्वभाव कळतो. तालतल्यातील मुस्लिम कारागीर, न्यू मार्केटमधील ज्यू कुटुंबाचे दुकान, चितगावकडून आलेले बौद्ध बरुआ आणि गोव्याहून आलेले ख्रिस्ती अशा अनेकांच्या हातून तो घडत आला. या मागणीच्या भरवशावर आज शहरातील असंख्य स्वयंपाकघरांतून केक, कुकीज, पॅटिस आणि पाव यांची विक्री चालते. हा व्यवसाय बहुतांशी स्त्रिया चालवतात. एक ओव्हन, एक वजनकाटा आणि भ्रमणध्वनीवरील ओळखीपाळखीचे गट एवढ्यावर तो सुरू होतो. पहिल्या डिसेंबरात उत्साहाने ऑर्डरी घेणारी घरगुती बेकरी मार्चपर्यंत थंडावते, तेव्हा दोष बहुधा चवीत नसतो. किंमत ठरवताना स्वतःचे श्रम शून्य धरलेले असतात आणि कायदेशीर नोंदणी 'पुढे पाहू' म्हणून राहिलेली असते.

घरातून उभा राहिलेला व्यापार

घरातून किंवा दारोदार फिरून बेकरीचा माल विकणे या शहरात नवे नाही. १८४० च्या सुमारास डेव्हिड विल्सन यांनी ऑकलंड हॉटेल सुरू केले, त्याआधी त्यांचा व्यवसाय बेकरीचा होता. तेच हॉटेल पुढे ग्रेट ईस्टर्न या नावाने प्रसिद्ध झाले. बगदादी ज्यू नाहूम इस्रायल मोर्डेकाई यांनी १९०२ मध्ये घरोघरी फिरून माल विकण्यापासून आरंभ केला. न्यू मार्केटमधील दुकान त्यानंतर, १९१६ मध्ये आले. 'नाहूम अँड सन्स' या दुकानासमोर डिसेंबरात लागणारी रांग हा आजही शहरातील नेमाचा देखावा आहे. पार्क स्ट्रीटवरील फ्लुरीज १९२७ मध्ये एका स्विस दांपत्याने सुरू केले, पण तो चहाच्या टेबलांचा आणि काचेच्या कपाटांचा थाट होता. घरगुती उद्योगाची वाट त्याहून निराळी आहे.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे उदाहरण सालढाणा बेकरीचे आहे. मूळच्या गोव्याच्या युबेलिना आणि इग्नेशियस सालढाणा या दांपत्याने १९३० मध्ये तिची स्थापना केली. रफी अहमद किदवाई मार्गालगतच्या नवाब अब्दुर रहमान स्ट्रीटवरील राहत्या वास्तूतच ती चालत आली. पुढील पिढ्यांत तिची सूत्रे प्रामुख्याने घरातील स्त्रियांकडे राहिली. फ्रूट केक, अक्रोडाचा केक, नारळाचे मॅकरून, क्रीम रोल आणि चिकन पॅटिस हे तेथील ओळखीचे पदार्थ. ठळक पाटीचे दुकान नसतानाही ग्राहक घर शोधत येतो, हे या बेकरीने दाखवून दिले. पत्र्याच्या पेट्यांत केक-पॅटिस भरून गल्लीबोळांत फिरणारे फेरीवाले हे जुन्या कोलकात्याचे वितरणजाळे होते. आज दुचाकीवरून पार्सल पोचवणारा तरुण तेच काम करतो, पेटी मात्र आता कापडी झाली आहे.

भाषाही या व्यापाराची साक्ष देते. मराठीतील 'पाव' आणि बंगालीतील 'पाउरुटी' या दोहोंच्या मुळाशी एकच पोर्तुगीज शब्द आहे. गोव्यातील पोदेर आणि कोलकात्यातील पावरोटीवाला यांच्यात दोन हजार किलोमीटरचे अंतर असले तरी शब्दांचे कुळ एक आहे.

अलीकडच्या काळात १९८५ मध्ये लवी बर्मन यांनी सुरू केलेले 'कुकी जार' हे शहरातील मोठे नाव झाले. दुसऱ्या टोकाला हावड्याच्या न्यू हावडा बेकरीचा 'बापूजी केक' आहे. १९७३ पासून कागदात गुंडाळून विकला जाणारा हा केक शाळेच्या डब्यात आणि चहाच्या टपरीवर पोचला. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्याला या दोन टोकांमधली जागा शोधावी लागते. बापूजी केकच्या किमतीशी स्पर्धा घरगुती ओव्हन करू शकत नाही. तसा प्रयत्न करणेच चूक. साखळी दुकानांच्या मलईदार वाढदिवस-केकशीही केवळ स्वस्ताईच्या बळावर टक्कर देता येत नाही. घराची ताकद ताजेपणात, ओळखीत आणि मागणीप्रमाणे केलेल्या बदलांत असते.

नोंदणी : काम लहान, टाळाटाळ मोठी

घरच्या ओट्यावर केलेला एक केक पैसे घेऊन दिला, की ती व्यक्ती अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या दृष्टीने अन्न व्यावसायिक ठरते. 'आपण तर ओळखीतच विकतो' ही समजूत कायद्याला मान्य नाही. मात्र लहान उत्पादकासाठी वाट सोपी ठेवलेली आहे. २०११ च्या नियमावलीने वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतची उलाढाल असणाऱ्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. अन्न उत्पादनाची क्षमता दिवसाला १०० किलो किंवा लिटरच्या आत असावी, हीही त्यातली मर्यादा आहे. घरगुती ओव्हन तिच्या जवळपासही जात नाही. मर्यादा आणि शुल्क यांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून अर्ज भरताना संकेतस्थळावरील चालू आकडे पाहून घेणे इष्ट.

अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर करायचा असतो. छायाचित्र, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि कोणते पदार्थ करणार त्यांची यादी एवढी तयारी लागते. अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची की तपासणीची सूचना काढायची, याचा निर्णय अधिकाऱ्याने घ्यावा अशी २०११ च्या नियमावलीतील तरतूद आहे. नोंदणीनंतर १४ अंकी क्रमांक मिळतो. तो वेष्टनावर आणि बिलावर छापावा लागतो. एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. नोंदणी जागेशी बांधलेली असते. बेहाला येथील घराच्या पत्त्यावर घेतलेला क्रमांक सॉल्ट लेकमधील बहिणीच्या स्वयंपाकघरात केलेल्या मालावर छापता येत नाही.

नियमावलीच्या अनुसूची ४ मध्ये लहान व्यावसायिकांसाठी स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. पिण्यायोग्य पाणी, सहज धुता येतील अशी भांडी, झाकणाचा कचरापेटा, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, आजारी व्यक्तीने अन्न न हाताळणे अशा त्या साध्या आहेत. सुगृहिणीला त्यात नवे काही वाटणार नाही. नवे असते ते एवढेच, की घरातला स्वयंपाक आणि विक्रीचे काम यांच्या वेळा व भांडी वेगळी ठेवावी लागतात. माशाचे कालवण आणि व्हॅनिला केक एकाच वेळी एकाच ओट्यावर झाले, तर नोंदणी असूनही ग्राहक टिकणार नाही. बंगाली घरात हा प्रश्न काल्पनिक नाही.

याखेरीज शहरात व्यवसाय करणाऱ्याला कोलकाता महानगरपालिका कायदा, १९८० नुसार पालिकेचे नोंदपत्र घ्यावे लागते. बोलीभाषेत त्याला 'ट्रेड लायसन्स' म्हणतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाची लेखी संमती आधी घ्यावी. गृहनिर्माण संस्थेतही तक्रार बहुधा वासाची नसते, पार्सल नेण्यासाठी दाराशी उभ्या राहणाऱ्या दुचाकींची असते. इंधनाची अट स्पष्ट आहे : १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. विजेच्या ओव्हनवर काम करणाऱ्याने घरगुती जोडणीवर व्यवसाय चालेल का आणि कोणता दर लागेल, याची विचारणा वीज कंपनीकडे आधीच करावी.

केंद्राच्या 'उद्यम' संकेतस्थळावरील सूक्ष्म उद्योगाची नोंदणी मोफत आहे. १ जुलै २०२० पासून ती प्रचलित आहे आणि बँकेकडे जाताना उपयोगी पडते.

वेष्टन आणि तपकिरी त्रिकोण

कोलकात्यात केक पाउंडाने मागतात. मुंबई-पुण्यात ग्राहक अर्धा किलो म्हणतो, येथे 'एक पाउंड' म्हणतो. एक पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. बोलताना पाउंड चालतो. पण वेष्टनावर वजन ग्रॅम-किलोतच लिहावे लागते, कारण वैध मापनशास्त्र कायदा, २००९ दशमान पद्धतीखेरीज अन्य माप मानत नाही. आधीच बांधून ठेवलेल्या मालावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याची व वापराची अंतिम तारीख, उत्पादकाचे नाव व पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. गहू, दूध, अंडी, सुकामेवा यांसारख्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांचा उल्लेखही हवा. शेंगदाणे किंवा काजू खाऊन श्वास कोंडणारे मूल कोणत्याही घरात असू शकते, म्हणून ही ओळ औपचारिक समजू नये.

अंड्याचा केक भारतीय नियमांनुसार मांसाहारी वर्गात मोडतो. २०२० च्या लेबलविषयक नियमावलीने त्यासाठी तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह ठरवले. बिनअंड्याच्या केकवर हिरवे वर्तुळ येते. कोलकात्यात या भेदाला व्यापारी महत्त्व आहे. भवानीपूरमधील गुजराती आणि बडा बाजार परिसराशी नाते असलेली मारवाडी घरे बिनअंड्याच्या केकची नियमित ग्राहक असतात. त्यांना त्रिकोण नाही एवढे पुरत नाही. साचे, फेटण्याची भांडी आणि ब्रश वेगळे आहेत का, असेही ते विचारतात. त्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येत नसेल तर तो माल न विकलेलाच बरा.

दोन निर्बंध लक्षात ठेवावेत. पावाच्या पिठात पूर्वी सर्रास वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट २०१६ पासून निषिद्ध आहे. तसेच १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-चरबीतील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. त्यामुळे खुल्या बाजारातील बिननावाचे मार्गारीन किंवा खारीसाठी वापरली जाणारी चरबी घेताना डब्यावरील माहिती वाचून घ्यावी.

किंमत : न दिसणारा खर्च

या व्यवसायात बुडण्याचे प्रमुख कारण किंमत हे आहे, म्हणून हिशेब सविस्तर पाहू. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारभावाने ते बदलून घ्यावेत.

समजा, एका पाउंडाच्या फ्रूट केकला मैदा, लोणी, साखर, अंडी, सुकामेवा व अर्क मिळून २१० रुपये लागतात. खोका, बटर पेपर आणि लेबल ३५ रुपये. वीज १५ रुपये. फुटलेले, करपलेले आणि चवीला वाटलेले केक यांचा वाटा १० रुपये. बेरीज २७० रुपये. बहुतेक जणी येथे थांबतात आणि ३५० रुपये किंमत लावून केकमागे ८० रुपये सुटले असे मानतात. काही जणी तर खोकाही विसरतात.

आता राहिलेले दोन खर्च पाहू. सुकामेवा चिरणे, मिश्रण फेटणे, साच्यांना कागद लावणे, भाजताना लक्ष ठेवणे, थंड झाल्यावर बांधणे, ग्राहकाच्या निरोपांना उत्तरे देणे असे सर्व धरले, तर एका केकमागे अर्धा तास सहज जातो. तासाला १०० रुपये असा साधा दर लावला तरी ५० रुपये होतात. ओव्हन, मिक्सर, वजनकाटा आणि साचे यांवर ३० हजार रुपये घातले आणि ते तीन वर्षे टिकतील असे धरले, तर महिन्याला सुमारे ८३३ रुपये झीज होते. महिन्याला ६० केक विकले तर प्रत्येकावर सुमारे १४ रुपये. आता खरा खर्च ३३४ रुपये झाला. ३५० रुपयांच्या केकमध्ये नफा १६ रुपये उरतो.

किंमत ४२० रुपये ठेवली तर ८६ रुपये राहतात. पण तोच केक घरपोच सेवा देणाऱ्या एखाद्या ॲपवर टाकला आणि कमिशन २५ टक्के धरले, तर ४२० मधून १०५ रुपये वजा होऊन हातात ३१५ येतात. म्हणजे प्रत्येक केकमागे १९ रुपयांचा तोटा, आणि विक्री वाढेल तसा तोटाही वाढणार. ॲपवर जायचेच असेल तर तेथील किंमत वेगळी लावावी किंवा तेथे कमी श्रमाच्या कुकीज आणि ब्राउनी एवढेच पदार्थ ठेवावेत.

'आपल्या श्रमाचे काय पैसे धरायचे' हा संकोच घराघरांत आढळतो. तो सोडवण्याचा एक व्यवहारी उपाय आहे. उद्या आजारपण आले आणि हेच काम पगार देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावे लागले, तर केकची किंमत काय होईल, हे विचारावे. त्या किमतीला ग्राहक मिळत नसेल, तर चालू आहे तो व्यवसाय नसून ग्राहकाला घरातून दिलेली सवलत आहे.

करांच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ हा दिवस महत्त्वाचा ठरला. त्या दिवसापासून केक, पेस्ट्री व बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लोणी, कंडेन्स्ड मिल्क, बदामासारखा सुकामेवा आणि चॉकलेट यांचेही दर ५ टक्क्यांवर आले. साध्या पावावर कर नाही. वस्तूंची विक्री करणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत या कराची नोंदणी सक्तीची नसते. मात्र राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर ही सूट लागू होत नाही. रांचीच्या किंवा मुंबईच्या नातलगांकडून आलेली मोठी ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी याची आठवण ठेवावी. नोंदणी नसलेल्या उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून दरकपातीचा लाभ त्याला मुख्यतः खरेदीतच दिसतो.

भांडवल आणि खरेदी

पहिला ओव्हन कर्जाने घेऊ नये, असा सल्ला देणे योग्य ठरेल. ४० ते ५० लिटरचा ओव्हन, ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा आणि ओव्हनच्या आत ठेवायचा स्वतंत्र तापमापक यांवर सुरुवात होते. तापमापक ही चैन नाही. घरगुती ओव्हनच्या बटणावरील अंश आणि आतील उष्णता यांत फरक असणे नेहमीचेच आहे, आणि रोज सारखा केक हवा असेल तर तो फरक माहीत असावा लागतो. सजावटीचे नळकांडी-संच, फिरते चौरंग आणि रंगांच्या बाटल्या नंतर घेता येतात.

विस्ताराच्या टप्प्यावर कर्ज उपयोगी पडते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. पश्चिम बंगाल सरकारने २०२३ मध्ये 'भविष्यत क्रेडिट कार्ड' योजना आणली. तिच्यातही ५ लाख रुपयांपर्यंतच्या लघुउद्योगांसाठी विनातारण कर्जाची सोय ठेवण्यात आली. बँक विचारते ती सहा महिन्यांच्या विक्रीची वही. ती नसेल तर केक कितीही सुरेख असो, अधिकाऱ्यापुढे सांगण्यासारखे काही राहत नाही.

कच्च्या मालासाठी शहर सोयीचे आहे. १८७४ मध्ये उघडलेल्या न्यू मार्केटमध्ये साचे, अर्क आणि केकचे सामान मिळते. बेदाणे, काजू, अक्रोड यांची घाऊक खरेदी बडा बाजारात होते आणि खोके-पिशव्यांसाठी कॅनिंग स्ट्रीटचा परिसर गाठतात. कोलकात्याच्या फ्रूट केकमध्ये कोहळ्याचा मोरब्बा, म्हणजे आपल्याकडचा पेठा, सढळपणे पडतो. तो वजन आणि ओलावा दोन्ही देतो. डिसेंबरचा सुकामेवा पूजेच्या सुट्ट्या संपताच घ्यावा लागतो, कारण तो रम, ब्रँडी किंवा संत्र्याच्या रसात मुरण्यास आठवडे लागतात. तेवढे दिवस पैसे बरणीत अडकून राहतात. मद्यात मुरवलेल्या सुकामेव्याचा उल्लेख घटकांत करावा. लहान मुलांसाठी केक नेणाऱ्याला तो कळलाच पाहिजे.

डिसेंबर : ओव्हनचे तास

नवख्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो डिसेंबरात. ४५ लिटरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एक पाउंडाचे चार साचे बसतात असे धरू. ओव्हन तापवणे, फ्रूट केकचे मंद आचेवरील भाजणे आणि पुढची खेप लावणे यांत दीड तास जातो. १०० केकची ऑर्डर म्हणजे २५ खेपा, म्हणजे साडेसदतीस तास. रोज दहा तास ओव्हन चालू ठेवला तरी चार दिवस लागतात, आणि तेही वीज न जाता. त्यानंतर प्रत्येक केक पूर्ण थंड होण्यासाठी काही तास उघडा ठेवावा लागतो. गरम केक खोक्यात बंद केला तर आत दव साचते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून ऑर्डर घेण्याची मर्यादा ग्राहकांच्या संख्येवरून ठरत नाही, ओव्हनच्या तासांवरून आणि घरातील मोकळ्या जागेवरून ठरते. ती मर्यादा नोव्हेंबरातच वहीत लिहून ठेवावी आणि ती भरली की नम्रपणे नकार द्यावा. निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली आहे.

ही अडचण कोलकात्याने जुन्या काळीच ओळखली होती. तालतला आणि आसपासच्या भागांत लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या आहेत. डिसेंबरात अनेक कुटुंबे, त्यांत अँग्लो-इंडियन घरे विशेषतः, लोणी, साखर, अंडी, मैदा आणि मुरवलेला सुकामेवा घेऊन तेथे जातात. कारागीर ते सर्व मोठ्या भांड्यात हाताने फेटतो, साच्यांत ओततो आणि भाजून देतो. मजुरी वजनावर असते. सामान घरचे, आच बेकरीची. मालकीण शेजारी उभी राहून आपल्याच लोण्याचा केक आपल्याच साच्यात जातो ना, हे पाहते. मध्य कोलकात्यातील पोलिस ठाण्यामागच्या बो बॅरॅक्स या लाल विटांच्या वसाहतीत आणि भोवताली ही पद्धत अद्याप टिकून आहे. तेथील बरुआ बेकरीचा छेना केकही याच दिवसांत शोधला जातो.

घरगुती व्यावसायिकाने या भट्ट्यांचा विचार करावा. शंभर केक एका रात्रीत भाजून निघतात आणि लाकडाच्या आचेचा किंचित धुरकट वास मिळतो तो वेगळाच. परंतु लाकडाची भट्टी बटणावर चालत नाही. पहिली खेप आणि शेवटची खेप यांच्या रंगात फरक पडतो. शिवाय येथे नोंदणीचा जागेशी असलेला संबंध पुन्हा पुढे येतो. माल ज्या बेकरीत तयार झाला तिची नोंदणी आहे का हे पाहावे आणि वेष्टनावर उत्पादनाचे ठिकाण खरे लिहावे. 'घरच्या ओव्हनमधला' असे सांगून भट्टीतला केक विकणे हे बेकायदा तर आहेच, पण दुर्दैवाने रंगावरून ओळखूही येते.

उन्हाळा, पाऊस आणि नोलेन गूड

डिसेंबरची कमाई वर्षभर पुरत नाही. कोलकात्याचे हवामान बेकरीला अनुकूल नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीपलीकडे जातो आणि लोण्याची सजावट ३२-३५ अंशांतच ढासळू लागते. बेहाल्याहून न्यू टाऊनला दुपारी निघालेला तीन थरांचा केक पोचेपर्यंत एका अंगाला झुकलेला असतो. या काळात लोण्याच्या सजावटीऐवजी चॉकलेटचे प्रमाण वाढवून केलेले घट्ट आवरण, साधा चहाचा केक, मफिन असे पदार्थ पुढे आणावेत आणि पोचवणी सकाळी किंवा रात्री ठेवावी. ताज्या मलईचा केक ५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. थंड पिशवी आणि बर्फाचे पॅक यांची सोय नसेल, तर मे महिन्यात मलईच्या केकची लांबची ऑर्डर घेऊ नये. कच्च्या अंड्याच्या मूसला तर या शहरात उन्हाळ्यात हातच लावू नये.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. कुरकुरीत बिस्किट हवेतील ओलावा शोषून काही तासांत मऊ पडते. हवाबंद डबे, ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि लहान खेपा हाच त्यावर उपाय. याच काळात पावाची विक्री वाढवता येते, कारण दमट-उबदार हवेत पीठ चांगले फुगते. यीस्टचे प्रमाण मात्र थोडे कमी करावे लागते, नाहीतर पीठ आंबट होते.

पूजेच्या दिवसांत, भाऊबीजेला आणि बंगाली नववर्षाला भेट म्हणून मिठाईच जाते. संदेश आणि रसगुल्ल्याच्या शहरात त्या दिवशी केकचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र थंडी लागताच खजुरीच्या रसाचा नवा गूळ, म्हणजे नोलेन गूड, बाजारात येतो आणि तो केकच्या मोसमाशी बरोबर जुळतो. साखरेच्या जागी हा गूळ घालताना दूध कमी करावे लागते, कारण पातळ गुळात पाणी असते. गुळाची आम्लता खायच्या सोड्यालाही चेतवते, म्हणून सोडा जपून घालावा. हा गूळ महाग आहे आणि भेसळही होते. साखर मिसळलेला गूळ केकमध्ये गोडवा आणतो, वास आणत नाही. विश्वासू गूळवाला मिळाला तर डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने ग्राहकाला देण्यासारखे काही वेगळे हाताशी राहते आणि जानेवारीची मंदी थोडी सुसह्य होते.

वाढीचा प्रश्न त्यानंतरचा. ४२० रुपयांचा केक धरला तर १२ लाखांची वार्षिक उलाढाल म्हणजे सुमारे २,८५७ केक, दिवसाला जवळपास आठ. एका घरगुती ओव्हनला आणि एका माणसाच्या हातांना सणवार, आजारपण आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून हे जेमतेम झेपते. त्यापुढे दुसरा ओव्हन येतो, पाठोपाठ मदतनीस येते, विजेचा भार वाढवून घ्यावा लागतो. घरातील एक खोली कायमची केकला जाते. नोंदणीची मर्यादा ओलांडली, की राज्य परवान्याचा अर्ज करावा लागतो आणि तेथे जागेचा आराखडा, यंत्रांची यादी व पाण्याचा तपासणी अहवाल अशी कागदपत्रे मागितली जातात. परवानाधारक व्यावसायिकाकडे दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची अपेक्षा आहे. घरगुती बेकरीत हे प्रशिक्षण बहुधा मालकिणीलाच घ्यावे लागते.